पाच मीटर, पन्हळ धरून

४ जानेवारी

इतिहासाला साधनांची वाण पडू नये, या सर्वस्वी निःस्वार्थ हेतूने आजपासून दैनंदिनी लिहावयास घेतली आहे. निमित्त असे की, आमची कन्या पुन्हा पाण्यात उतरणार. ही युगप्रवर्तक घोषणा तिने न्याहारीच्या वेळी, पावाला लोणी फासता फासता केली.

"एप्रिलच्या निवड चाचणीत मी उतरतेय."

"आणि खांद्याचं काय?" सौ.ने विचारले.

"तो पण येतोय बरोबर."

भावी चरित्रकारांच्या सोयीसाठी पूर्वपीठिका नोंदवून ठेवतो. इतर बालके यथाकाल पालथी पडतात. आमच्या कन्येने त्या उद्योगास ठाम नकार दिला. उपडी घातली की भोकाड, उताणी ठेवली की छताचे प्रसन्न अवलोकन. तेव्हापासून घरात तिचे नाव 'उताणी'. सातव्या वर्षी तिला जलतरण तलावावर नेले. तेथील प्रशिक्षकबाईंना, गळ्यात सदैव लटकणाऱ्या अलंकारामुळे, सर्व जग शिट्टीबाई म्हणते. बाईंनी तिला पाठीवर पाण्यात सोडले मात्र, ही पोरगी आईबापांचा निरोपही न घेता पलीकडच्या टोकाला निघून गेली. पुढचे सर्वश्रुत आहे: पाठीवरच्या पोहण्यात आधी शालेय विजेतेपद, मग सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद. त्यानंतर डावा खांदा, शस्त्रक्रिया, आणि वर्षभराहून अधिक काळ संपूर्ण कोरडेपणा.

जलतरण संघटनेच्या चिटणीसांनी मध्यंतरी जाहीर उद्गार काढले होते, "आता तरुण रक्ताला वाव द्यायला हवा." कन्या पंचवीस वर्षांची आहे. पंचविशीत रक्तास वार्धक्य येते, हा शोध चिटणीसांनी कोणत्या प्रयोगशाळेत लावला, याची मी यथावकाश चौकशी करणार आहे.

प्रांजळपणे हेही नोंदवतो की, मला स्वतःला पोहता येत नाही. पाणी गुडघ्यांच्या वर आले की माझे तत्त्वज्ञान संपुष्टात येते.

१९ फेब्रुवारी

तलावावर गेलो होतो. कन्येचा डावा हात पाण्यातून वर येताना क्षणभर विचार करतो, उजवा करीत नाही. मी हे कोणास बोललो नाही. येथे लिहितो, कारण कागदाला भुवया नसतात. मला भीती वाटते. ती हरेल याची नव्हे. तिला हरताना पाहून त्या चिटणीसांच्या मुखावर जी सहानुभूती उमटेल, तिची.

"खरं सांगा बाई, जमेल तिला?" मी शिट्टीबाईंना विचारले.

"तिचं ती बघेल. तुम्ही आधी काठावर उभं राहून तिच्याबरोबर श्वास धरायचं थांबवा, साहेब. एक दिवस तुम्हीच पडाल आत, आणि मला कपड्यांनिशी उडी मारावी लागेल."

परक्या वाचकासाठी या कलेतील गुह्य नमूद करतो. पाठीवर पोहणाऱ्याला आपण कुठे निघालो आहोत हे दिसत नाही. त्याला दिसते केवळ छत. म्हणून भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, पाण्यावर आडव्या दोरीला लहान लहान पताका टांगतात. पताका डोळ्यांवरून सरकल्या की पोहणारा मारलेले हात मोजू लागतो आणि भिंत न पाहता, निव्वळ त्या मोजणीच्या विश्वासावर वळतो. उताणी चार हात मोजते. पताकांवर तिची जितकी श्रद्धा आहे तितकी घरातल्या घड्याळावरही नाही.

१० एप्रिल

उद्या चाचणी. पहिल्या दोघी राष्ट्रीय संघात जाणार.

संघटनेकडे स्वयंसेवकांचा दुष्काळ पडल्याने मी आपली सेवा सादर केली. चिटणीसांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही जमीन मोजणी खात्यात ना? मग पताका तुम्हीच बांधा. भिंतीपासून पाच मीटर, दोन्ही टोकांना. एवढं जमेल?"

एवढं जमेल! ज्या फितीने मी तीस वर्षे सख्ख्या भावांना एकमेकांची डोकी न फोडता शेते वाटून दिली, ती फीत घेऊन मी काठावर अवतीर्ण झालो. सुरुवातीच्या टोकाला कार्य सुलभ होते: ओटा, भिंत, पाणी. पलीकडच्या टोकाला मात्र भिंतीच्या माथ्याला लागून, ओसंडणारे पाणी वाहून नेण्यासाठी, जाळीने झाकलेली दीड वीत रुंदीची पन्हळ आहे. सामान्य मनुष्य येथे गोंधळला असता. परंतु आमच्या खात्याचा दंडक सुस्पष्ट आहे: कुंपणालगतची चरी ही त्या शेताचीच, सबब फीत लावायची ती चरीच्या बाहेरच्या काठाला. तदनुसार पन्हळ धरून पाच मीटर मोजले, काठावर तांबड्या रंगाची खूण केली, तेथे खांब उभे केले आणि पताका ताणून बांधल्या. काम इतके निर्दोष झाले की पाहण्यास कोणी नव्हते याची खंत वाटली.

घरी येऊन उताणीला म्हणालो, "उद्या तुझ्या डोक्यावरून ज्या पताका जातील, त्या तुझ्या बापाच्या हातच्या असतील."

"मग उद्या डोळे मिटूनच पोहते," ती म्हणाली आणि हसली.

११ एप्रिल

सविस्तर लिहिण्याची मनःस्थिती नाही. ती आघाडीवर होती. निर्विवाद आघाडीवर. डावा हात विचारबिचार करीत नव्हता. पलीकडच्या टोकाला पताकांखालून गेली आणि शेवटचा हात मागे टाकतानाच तो भिंतीवर आदळला, त्यामागोमाग डोके. आवाज प्रेक्षकांच्या सज्ज्यापर्यंत आला. सौ.ने माझा दंड असा धरला की त्यावर अद्याप बोटे उमटलेली आहेत.

आणि तरीही ती वळली. डोक्यातून रक्त येत असताना परत फिरली, शर्यत पुरी केली, चौथी आली.

शेजारच्या रांगेत पोहून पहिली आलेल्या मुलीचीही बोटे त्याच टोकाला सोलवटली आहेत. ती हळू येत होती म्हणून बोटांवर निभावले.

चिटणीस आले. अपेक्षित सहानुभूती मुखावर होतीच. "वाईट वाटलं. पण भिंत काय, सगळ्यांना सारखीच असते."

डॉक्टरांनी टाके घातले. उताणी एवढेच म्हणाली, "मोजायला चुकले मी."

अठरा वर्षांत जिची मोजणी चुकली नाही, तिची आजच चुकावी? मी बांधलेल्या पताकांना शर्यतीपूर्वी कोणाचा तरी हात लागला आहे. तरुण रक्ताला वाव देण्यासाठी ही मंडळी कोणत्या थराला जातील याची मला आता कल्पना आली. मी हे प्रकरण तडीस नेणार.

१२ एप्रिल

डोक्याला पट्टी बांधून उताणी स्वयंपाकघरात संत्रे सोलत बसली होती.

"बाबा, परवा फीत कुठून धरली होती तुम्ही? पलीकडच्या टोकाला?"

एखाद्याने आपल्या शास्त्रात रस घ्यावा, याहून मोठे सुख नाही. मी ताट म्हणजे तलाव, ताटाची कड म्हणजे पन्हळ आणि चमचा म्हणजे फीत अशी मांडणी करून तिला साद्यंत समजावून दिले.

"म्हणजे पन्हळीच्या बाहेरून."

"बाहेरूनच. दुसरीकडून धरणारा मोजणीदार नोकरीत टिकणार नाही."

तिने ताटाची कड बोटाने चाचपली. मग म्हणाली, "अच्छा." आणि सोललेले संपूर्ण संत्रे माझ्यासमोर ठेवून उठून गेली. जिने जन्मात संत्र्याची फोड कोणास दिली नाही, तिने! माझ्या विवेचनाने ती भारावली असावी.

१५ एप्रिल

तक्रार अर्ज सिद्ध झाला. शैली प्रासादिक, युक्तिवाद वज्रप्राय. मागण्या अशा: एक, पताकांच्या अंतराची तज्ज्ञ मोजणीदाराकरवी जाहीर पडताळणी व्हावी. दोन, दोष आढळल्यास शर्यत पुन्हा घ्यावी. तीन, दोषी व्यक्ती कितीही प्रतिष्ठित असो, तीस सर्वांसमक्ष उघडे पाडावे. प्रती: संघटनेचे अध्यक्ष, क्रीडा खाते, तीन वृत्तपत्रे, आणि इमारतीचा सूचनाफलक.

भोजनोत्तर सहकुटुंब वाचन केले.

"अहो, जाऊ द्या ना आता," सौ. म्हणाली. ही तीच स्त्री, जी भाजीवाल्याशी पाव किलोसाठी तासभर तात्त्विक वाद घालते!

"ते पाठवू नका, बाबा," उताणी म्हणाली.

"का? त्या चिटणीसाला भितेस?"

"मी कुणाला भीत नाही. पाठवू नका म्हणतेय ना."

"रक्त माझ्या मुलीचं सांडलं आहे. गप्प बसायला मी काय सूचनाफलक आहे?"

तिने आपल्या खोलीचे दार लावून घेतले. आदळले नाही, हळू लावले. पराभवाने माणसे किती मवाळ होतात! मी अर्ज पाठवला.

२० एप्रिल

घरात माझ्याविरुद्ध मौनाचा कट शिजला आहे. शिट्टीबाईंकडे सहीसाठी गेलो, तर त्या बाईही फितूर.

"मी सही करणार नाही. आणि तुम्हीही जरा गप्प बसाल तर बरं, साहेब."

"कारण?"

"कारण नाही. असंच." मग पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "पोरगी रोज येते. पण पताका दिसल्या की अंग चोरते. सरळ भिंतीवर जात नाही. तिला मी लहानपणापासून बघतेय, असं कधी केलं नव्हतं तिने. त्याचं बघा काहीतरी. अर्ज कसले लिहिताय?"

मी एकाकी लढतो आहे. एकाकी लढणाऱ्यांविषयी मला पूर्वीपासूनच आदर होता. आता तर तो व्यक्तिगत झाला.

२६ एप्रिल

आज पडताळणी झाली. क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर हात थांबेल.

तलावावर चिटणीस, समितीचे तीन मूक सदस्य, शिट्टीबाई. सौ. आणि उताणी न बोलावता आल्या होत्या. पताका उतरवलेल्या होत्या. माझी तांबडी खूण काठावर शाबूत होती.

"तुम्ही तज्ज्ञ मोजणीदार मागितलाय," चिटणीस म्हणाले. "तुमच्याहून मोठा तज्ज्ञ आम्हाला कुठे मिळणार? घ्या, मोजा."

"बाबा," उताणीने माझी बाही धरली, "चला ना घरी."

"घाबरू नकोस."

मी पन्हळीच्या बाहेरच्या काठाला फीत लावली, ताणली, खुणेपर्यंत नेली. "पाच मीटर! केसभर फरक नाही! याचा अर्थ, मी बांधल्यानंतर आणि शर्यतीच्या आधी कोणीतरी खांब..."

चिटणीस ओणवे झाले, खिशातले पेन काढले आणि पाणी जिथे भिंतीला टेकते तिथे त्याचे टोक टेकवले.

"साहेब, पोरी इथे येतात. पन्हळीत कोण पोहतं?"

एका मूक सदस्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

मी पन्हळीकडे पाहिले. दीड वीत. भिंत तिथे तिची वाट पाहत होती आणि मी तिला सांगितले होते की, अजून दीड वीत अवकाश आहे. मी उताणीकडे पाहिले. ती आपल्या चपलांकडे पाहत होती. सौ. माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हते. तेव्हा मला ते संत्रे उमगले.

पुढे जे घडले ते धैर्य की केवळ जुनी खोड, मला सांगता यावयाचे नाही. मी फीत गुंडाळली आणि उभा राहिलो.

"दोषी सापडला. मी. आता अर्जातल्या दुसऱ्या मागणीकडे वळू."

"अहो, आता कसली मागणी?" चिटणीस उडालेच. "दहा-बारा दिवस आम्हाला चोर ठरवलंत! पेपरात छापून आणलंत!"

"ते शब्द परत घेतो. एकेक करून, लेखी, ज्या ज्या दाराला चिकटवले त्या त्या दाराला. पण पताका चुकीच्या होत्या हे तुम्हीच आत्ता पेन टेकवून सिद्ध केलंत. साधन सदोष असेल तर शर्यत पुन्हा. बांधणारा तिचा बाप होता की तुमचा, याच्याशी तुमच्या नियमाला काय देणंघेणं?"

"भारी आहात!"

"मी कसाही असेन. नियम कसा आहे ते बोला."

शिट्टीबाई प्रथमच पुढे आल्या. "नियम तसाच आहे, चिटणीससाहेब. मलाही पाठ आहे, तुम्हालाही."

बराच खल झाला. अखेर ठरले ते असे: नऊ मे रोजी ती एकटी पोहेल. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीने लावलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागला तर संघात, अन्यथा प्रकरण कायमचे बंद. "आणि तुम्ही," चिटणीस मला म्हणाले, "पुन्हा या आवारात पाऊल टाकायचं नाही."

"बाबा येणार नसतील तर मी..." उताणी उसळली.

"तू गप्प," मी म्हणालो. "वाद घालायचं खातं माझ्याकडे आहे."

२७ एप्रिल

सूचनाफलकावर स्वहस्ते क्षमापत्र लावले. तळमजल्यावरचे शिंपी वाचून म्हणाले, "पहिल्या पत्रापेक्षा हे छान जमलंय."

उताणी जिन्यात खांद्याला मलम चोळत बसली होती. मी दोन पायऱ्या खाली बसलो.

"का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तुम्ही अर्ध्या शहराला प्रती धाडून बसला होता."

"त्याआधी. संत्र्याच्या दिवशी."

"तुम्ही चमचा घेऊन इतके खुशीत होता." मग खांदा चोळत म्हणाली, "मला पुढचं वर्ष होतं, बाबा. तुम्हाला तेच तोंड घेऊन याच जिन्यातून जायचं होतं."

"पुढचं वर्ष होतं?"

तिने मलमाचे झाकण लावले, ते नीट लागेना, पुन्हा लावले.

"आणि अंग चोरतेस म्हणे. भिंतीला."

"शिट्टीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही." मग हळूच, "पताका दिसतात, चार हात मोजते. चौथा हात टाकायच्या वेळी अंगच म्हणतं, नको. मी ऐकत नाही म्हटलं तरी ऐकते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या शब्दकोशात त्या क्षणी एकही तत्सम शब्द नव्हता.

३ मे

आज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी जलप्रवेश केला.

योजना माझी. शिट्टीबाई सकाळी ज्या शाळेच्या उथळ तलावात बालकांना शिकवतात, तेथे माझ्यावर बंदी नाही. मी छातीभर पाण्यात, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी पन्हळीची कड घट्ट धरून उभा. डोक्यावर कोणा मुलाची बेडकाचे चित्र असलेली टोपी. सिद्धांत असा: मोजणी चुकलीच तर कन्येचे मस्तक दगडावर नव्हे, पित्याच्या उदरावर आदळेल. हे उदर मी अनेक वर्षे निष्काम बुद्धीने जोपासले. त्याचा सार्वजनिक उपयोग आज प्रथमच झाला.

"हलू नका हं!" शिट्टीबाई काठावरून ओरडल्या.

"हलायला जागा कुठे आहे? जीव मुठीत आहे आणि दोन्ही मुठी पन्हळीत आहेत!"

पहिल्यांदा ती शिट्टीबाईंनी तिथे बांधलेल्या पताकांपाशी मंदावली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पोहणे थांबवून पाण्यात उभी राहिली आणि मला पाहून हसू लागली, इतकी की तिच्या नाकात पाणी गेले.

"हसून झालं असेल तर ये," मी म्हणालो. "माझे पाय गार पडलेत."

मग ती आली. पाणी आधी आले, मग ती, आणि माझ्या उदरातून असा ध्वनी निघाला की काठावरची बालके टाळ्या वाजवू लागली. पुन्हा आली. पुन्हा. कितीदा आली ते मोजले नाही. मोजणीवरून माझा विश्वास तूर्त उडाला आहे. अखेरीस माझ्यापासून हातभर अंतरावर नेमकी वळली, पायांनी माझ्या बरगड्यांना रेटा दिला आणि दूर निघून गेली.

परत येऊन म्हणाली, "आता बाजूला व्हा. तुम्ही मधे येताय."

मी काठाकाठाने, कड न सोडता, बाजूला झालो. मग ती त्या उघड्या भिंतीवर तशीच आली.

९ मे

पताका शिट्टीबाईंनी बांधल्या. सौ. आत गेली. मी आवाराबाहेर, मागच्या गल्लीत, ज्या भिंतीपलीकडे वळणाचे टोक आहे तिथे उभा. आवारात पाऊल टाकायचे नाही असे ठरले होते; कान टाकण्याविषयी ठराव नव्हता.

इशाऱ्याचा भोंगा झाला. एकटीच पोहणार असल्याने पाण्याचा आवाज स्वच्छ येत होता: डावा, उजवा, डावा, उजवा, दोन्ही सारखे. आवाज जवळ आला. पताका आता तिच्या डोळ्यांवर असतील. मी भिंतीला कान लावून, तिने अंग चोरले तर मध्ये जी फट पडेल ती ऐकत होतो. फट पडली नाही. धप्प, असा टाचांचा आवाज थेट विटांतून माझ्या जबड्यात आला आणि ती परत फिरली.

मग मी पळालो. आवाराला वळसा घालून, कचऱ्याचा डबा पाडून, सायकलवाल्याच्या शिव्या झेलत, चपला गल्लीत सोडून पळालो. पुढच्या फाटकापाशी पोहोचतो तोच आतून तळहात भिंतीवर बसल्याचा आवाज आला. खाडकन. एखाद्याच्या मुस्काटात द्यावी तसा.

त्यानंतर काहीच नाही. आत घड्याळे पाहत असावेत. मी फाटकाचे गज धरून उभा होतो आणि श्वास धरला होता.

"अहो!" आतून सौ. किंचाळली. संसारात एवढ्या मोठ्याने तिने मला कधी हाक मारली नसेल. "अहो, गेली! संघात गेली आपली पोरगी!"

चिटणीस फाटकापर्यंत आले. माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले. "पाऊण सेकंदाने," म्हणाले. मग थोडे घुटमळून, "या आत."

"ठराव आहे," मी म्हणालो. "लेखी रद्द करा, मग येतो."

पाठोपाठ उताणी आली, केस निथळत, अंगाभोवती टॉवेल. उजवा तळवा लालभडक झाला होता, बोटे मिटत नव्हती. मी गजांमधून तो हात धरला.

"अगं, लागलं का फार?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "त्या भिंतीला जाऊन विचारा."